धरणातला समुद्री जीव

मामांच्या घरी सकाळ व्हायची ती दोरी ताणल्याच्या आवाजानं. पायाच्या अंगठ्यात नायलॉनची दोरी अडकवून मामा गाठ आवळायचे, आणि गाठ बसली की 'टक्' असा कोरडा आवाज यायचा. मग पुढची गाठ. अंथरुणात पडल्या पडल्या मी ते ऐकायचे, आणि त्यात मिसळलेली मामीच्या भाकरीची थाप. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याला इतकं लागून की भरल्या वर्षी परसातल्या कण्हेरीपर्यंत पाणी यायचं. मामांची जमीन त्याच पाण्याखाली गेलेली. तेव्हापासून ते मासे धरायचे आणि उरलेल्या वेळात वाघरी विणायचे. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. रानात खुंट्या ठोकून ती उभी करायची, मुक्काम हलला की गुंडाळून घोड्यावर टाकायची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मेंढरं घेऊन कधी पुसेगावाकडे तर कधी त्याच्याही पलीकडे असायचे, आई त्यांच्यासोबत. शाळेला एका जागी राहणारं माणूस लागतं, म्हणून मला मामांकडे ठेवलेलं. मामा-मामीला लेकरू नव्हतं. मामी माशाच्या कालवणात येसर, म्हणजे भाजक्या डाळीचा मसाला, सढळ हातानं घालायची, पण कॉलेजच्या डब्यात मासे कधी द्यायची नाही. "एस्टीतले लोकं नाक धरतेत, अन् मंग तू डबा न खाता वापस आणतीस," म्हणायची. डब्यात भाकरी आणि कारळाची चटणी. आजही कारळाचा वास आला की मला बसची काच आणि हिंगोलीचा स्टँड दिसतो.

हिंगोलीच्या कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर होते. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "बेडूक मी तुम्हाला दाखवीन. तुमच्या गावचं पाणी मला तुम्ही दाखवायचं." बाकीच्या मुलांनी ते हसण्यावारी नेलं. मी मात्र पुढच्या सोमवारी मामीच्या लोणच्याच्या बरणीत धरणातली एक काटकी घेऊन गेले. काटकीवर तपकिरी, फांद्या फुटलेलं काहीतरी होतं. मला ते शेवाळ वाटलेलं. सरांनी ते काचेच्या बशीत घातलं, मायक्रोस्कोपखाली धरलं आणि मला म्हणाले, "हलू नको. श्वासही जपून घे." थोड्या वेळानं त्या नळ्यांच्या तोंडांतून बारीक पिसारे बाहेर आले. डझनावारी. प्रत्येक पिसारा म्हणजे एक प्राणी, आणि सगळ्यांचं मिळून एकच घर. "ब्रायोझोआ," सर म्हणाले. "याची खरी गर्दी समुद्रात. तिथले चुन्याची घरं बांधतात, पेटीला पेटी लावून. आपले गोड्या पाण्यातले गरीब, मातकट झोपडीत राहतात." मी त्या दिवशी दोन तास बसले आणि शेवटची बस चुकवली. घरी पोचल्यावर मामी म्हणाली, "त्या बरणीत काय किडे भरून राहिली माय? लोणचं तेवढं वाया घालवलंस." मामांनी मात्र विचारलं, "मंग? काय म्हणले सर?" मी सांगितलं. मामा जाळं बाजूला ठेवून ऐकत होते. आपण रोज जाळ्यावरून खरवडून फेकतो ती घाण जिवंत असते, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की दुसऱ्या दिवसापासून ते जाळं झटकण्याआधी मला हाक मारायला लागले.

त्या दोन वर्षांत मला एका जागी बसवत नसे. अभ्यासाला बसले की पाण्यावर जावंसं वाटे, पाण्यावर गेले की भिंगाखालचं बघावंसं वाटे. आणि मागून आबांचा निरोप येई. साखऱ्याचं एक स्थळ होतं. घर बरं होतं, मुलगा दिसायलाही वाईट नव्हता. बीएस्सीचा निकाल लागला की बोलणी पक्की करायची, असं आबांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मामी म्हणायची, "पोरगं चांगलं हाय. तुहे किडे तिथं बी सापडतील, साखऱ्याला काय पाणी न्हाई का?" साखऱ्याला पाणी कमीच होतं, पण अडचण ती नव्हती. अडचण अशी की मला त्या चुन्याच्या पेट्या बघायच्या होत्या, आणि त्या समुद्रात होत्या.

त्या पेट्या मला मामांच्या जाळ्यावर सापडल्या. जाळं तरंगत राहावं म्हणून त्याच्या वरच्या दोरीला प्लास्टिकचे गोळे ओवलेले असतात. उन्हाळ्यात एका सकाळी मामांनी जाळं ओढलं, मी नावेत बसून एकेक गोळा हातात घेऊन बघत होते, आणि एका निळ्या गोळ्यावर पांढरा पापुद्रा दिसला, नखाएवढा, कडेला तुटलेला. भिंगातून बघितलं तर पेटीला पेटी, पेटीला पेटी, एकसारख्या, जणू कुणी बारीक वाघूर विणून चिकटवली होती. मी तो पापुद्रा ब्लेडनं अलगद सोडवला, नळीत घातला आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे चिठ्ठी लिहिली: सिद्धेश्वर धरण, जाळ्याच्या गोळ्यावर. त्यात मी काही खोटं लिहिलं नव्हतं. त्या सकाळी तरी नव्हतं.

सरांनी तो पापुद्रा बघितला आणि ते खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले, परत आले, परत बघितला. "हा गोड्या पाण्यात असूच शकत नाही," म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "पण आहे." त्यानंतर आठ दिवस त्यांना दुसरा विषय नव्हता. आमचं धरण पूर्णा नदीवर, पूर्णा गोदावरीला मिळते, गोदावरी समुद्राला. धरणं होण्याआधी हा जीव नदीनं वर चढत आला असेल, भिंत झाली आणि अलीकडे अडकून राहिला असेल, असा त्यांचा तर्क. फळ्यावर त्यांनी नदी काढली, तिच्यावर धरणांच्या रेघा मारल्या आणि एका बाजूला लहानसा ठिपका दिला. "हा तुझा," म्हणाले. आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संस्थेत, जिथं पुढच्या शिक्षणाला राहणं, जेवण आणि विद्यावेतन मिळायचं, तिथं त्यांनी माझ्यासाठी पत्र लिहिलं. पत्रात निम्म्याहून जास्त तो पापुद्राच होता. जागा मिळाल्याचं उत्तर आलं तेव्हा आबा मेंढरं सोडून आले. कागद उलटासुलटा करून बघितला. म्हणाले, "सरकार खाऊ घालून शिकवून राहिलं, तर मी कोण न्हाई म्हणणारा? साखऱ्याला सांगतो, थांबा म्हणून." थांबा. नाही म्हणून नव्हे. माझं सगळं त्या एका पापुद्र्यावर उभं होतं.

कागद आल्यानंतर चारच दिवसांनी मी परसातल्या छपरात गेले, मामांना दोरी आणून द्यायला. कोपऱ्यात एक जुनं, वाळलेलं जाळं गाठोडं करून ठेवलेलं होतं. जाड, हिरवं, आमच्या धरणात कुणी वापरत नाही असं. त्याला निळे गोळे होते. त्यांच्यावर तो पापुद्रा नखाएवढा नव्हता, तळहाताएवढा होता. दोरीवरही होता, आणि त्यात चिरडलेली शिंपली होती.

"मामा, हे जाळं कुठलं?"

"ते व्हय? समुंदराचं हाय. औंढ्याच्या बाजारात एक जण घेऊन येतो, जुनी फाटकी जाळी. मजबूत सूत. रानडुकराला बी न्हाई तुटत. वाघरीला बराबर चालतं."

"अन् गोळे?"

"गोळे आपल्या जाळ्याला लावतो. नवे काहून घ्यायचे?" मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा हात थांबला. मामा शिकलेले नव्हते, पण दोन वर्षं माझं सगळं ऐकलेले होते. "तुहा तो किडा..." म्हणाले, आणि हसायला लागले. "आत्ता ग माय! सरांची नदी, धरण, सगळं... अन् आला बाजारातून!" त्यांचं हसणं थांबेपर्यंत मी खाली बसले होते. "अगं रडतीस काहून? सांग सरांला. हसतील, दुसरं काय."

"सांगितलं की जागा जाईल."

"काहून जाईल? चूक कुणाला न्हाई होत?"

जागा गेली असती की नाही, मला आजही माहीत नाही. कदाचित नसती गेली. सरांनी दुसरं पत्र लिहिलं असतं. पण तेव्हा मला साखऱ्याचं अंगण दिसत होतं आणि मी मामांचा हात धरून म्हणाले, "तुमी कुणाला बोलू नका. माझी शपथ." मामांनी हात सोडवून घेतला आणि दोरी ताणायला बसले.

पुढच्या रविवारी सर स्वतः आले. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत रिकाम्या नळ्या. त्यांना तो जीव जिवंत बघायचा होता. मामीनं जेवायला थांबवलं, मरळ मासा केलेला. सरांनी पोट बिघडल्याचं सांगून भाकरी आणि चटणीच खाल्ली. मग आम्ही तिघं नावेत बसलो. ऊन असं की नावेच्या कडेला हात टेकवत नव्हता. सर वाकून एकेक दगड, एकेक बुडालेली बाभळीची फांदी वर घेत होते, भिंगातून बघत होते, परत सोडत होते. मामा वल्हं मारत होते. मी सरांच्या पाठीकडे बघत होते. सदरा घामानं चिकटलेला. मग सर सरळ बसले, रुमालानं तोंड पुसलं आणि सहज, अगदी सहज म्हणाले, "मामा, एक विचारायचं राहिलं. तुमची जाळी, हे गोळे, बाहेरून कुठून आणता का?"

मामांनी वल्हं पाण्यातून वर घेतलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, डोळे खाली घातले नाहीत, हात जोडले नाहीत. मी नुसती बघत राहिले, आणि तेवढं पुरलं.

"न्हाई सर," मामा म्हणाले. "हितलंच हाय समदं. मीच विणतो."

"मग आहे इथंच कुठंतरी," सर म्हणाले आणि परत वाकले. त्यांचा आवाज इतका आनंदी होता की मामांनी वल्हं खाली आपटलं आणि पाणी उडालं. संध्याकाळी सरांना बसला सोडून आलो तेव्हा रस्त्यात मामा एवढंच म्हणाले, "मह्या तोंडातून वदवलंस माय." तो विषय त्यांनी त्यानंतर कधी काढला नाही. छपरातले निळे गोळे दुसऱ्या दिवशी दिसले नाहीत.

मी समुद्रावर गेले. चुन्याच्या पेट्या पोटभर बघितल्या. साखऱ्याच्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं, त्याचं मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. दुसऱ्या वर्षी सरांचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी आमचा पापुद्रा एका परिषदेत मांडला होता, नंतर एका नियतकालिकात छापला होता, शेवटी नाव वल्हवल्याबद्दल मामांचे आभार मानले होते. परिषदेत कुणीतरी उठून विचारलं होतं, जुनं जाळं वगैरे नव्हतं ना? लोक हसले होते. "मी म्हटलं, माझी विद्यार्थिनी लेबलात चूक करत नाही. तरी एकदा आठवून लिही." मी ते कार्ड वहीत ठेवून आठवडाभर हिंडले. वसतिगृहातून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून परत. आठव्या दिवशी लिहिलं, "गोळे धरणातलेच होते, सर." पहिल्यांदा मी गप्प राहिले होते. या वेळी माझ्या अक्षरात लिहिलं.

सरांनी ते मानलं. आणि मानलं म्हणून शोधत राहिले. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते हिंगोलीहून यायचे, मामांच्या नावेत बसायचे आणि दिवसभर दगड उलटायचे. मी सुट्टीत घरी गेले की मामा जेवताना सांगायचे, "औंदा बी सर आल्ते." बस. पुढं काही नाही. मी कालवण भाकरीवर घ्यायचे, मामी माझ्याकडे बघायची. नंतर मी सुट्टीत कमी जायला लागले. सर निवृत्त झाले तरी जात होते. गुडघे गेले तेव्हा थांबले.

माझं काम आता काय आहे ते सांगायला हवं. बंदरात आलेल्या जहाजांच्या तळाला, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना, दोरांना चिकटलेले ब्रायोझोआ मी ओळखते. पेटीचा आकार, कडेचे काटे, झाकण कसं आहे, हे बघून जात ठरवायची, आणि मग तो इथला की कुठून परमुलखातून आला ते शोधायचं. हाताखालच्या मुलामुलींच्या कामावर मी लाल शाईनं लिहिते, "स्थळाची खात्री केली का?" मुलं मला कडक म्हणतात. हे लिहिताना मी तीन वेळा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. गॅस बंदच होता.

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्यानंतर मी हिंगोलीला उतरले आणि सरांच्या घरी गेले. ते अंगणात खुर्चीत बसलेले, पायावर शाल. मी चहा येण्याआधीच सांगून टाकलं, कारण चहा प्यायले असते तर सांगता आलं नसतं. छपर, बाजार, नाव, पोस्टकार्ड, सगळं. सर म्हणाले, "मामांना माहीत होतं?"

"हो."

"सगळी वर्षं?"

"हो, सर."

"दर वेळी मला मासे बांधून द्यायचे," म्हणाले. "मी मासे खात नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही. शेजारी देऊन टाकायचो." मग एकदम आवाज चढवून, वर्गात चढवायचे तसा, "आणि ते आलं कुठून? कोणता समुद्र? कोकण की पलीकडचा?"

"माहीत नाही, सर. ती जात दोन्ही किनाऱ्यांवर सापडते. बाजारातला माणूस मामांच्या ओळखीचा होता. मी मामांना कधी विचारलं नाही."

"विचारलं नाहीस?" माझ्या खोटेपणावर ते चिडले नव्हते, यावर चिडले. "हेच काम करतेस ना तू? आणि विचारलं नाहीस!" मला पाया पडायचं होतं, त्यांनी पाय मागे घेतले. "माझ्याजवळ सांगून काय उपयोग? मी छापलंय. तू छापून मागे घे. पूर्ण लिही. आणि मामांचं काय लिहिशील ते त्यांच्या घरी विचारून लिही, आभारात त्यांचं नाव आहे."

चहा आला, थंड झाला. ते मला दारापर्यंत सोडायला आले नाहीत.

मी त्याच दुपारी परत गावी गेले. मामी परसात येसराची डाळ भाजत होती. मी तिला सांगितलं की छापायचं आहे, आणि खरं लिहायचं तर मामा खोटं बोलले हेही लिहावं लागेल. नको असेल तर त्यांचं नाव वगळते. तिनं डाळ हलवणं थांबवलं नाही.

"वगळून काय करतीस? त्यांची जिंदगी गेली त्यात," म्हणाली. "दर साली सर यायचे त्या सकाळी म्हणायचे, आज सांगतो. नावेतून उतरले की मी विचारायची, सांगितलं का? म्हणायचे, सर लय खुशीत व्हते, कसं सांगावं? अन् तुही शपथ." तिनं कढई उतरवली. "शपथ घालून तू गेलीस तिकडं. वल्हं कोण मारलं?"

"मग लिहू?"

"लिही. बापाच्या नावासकट लिही, आडनाव बी लिही. अन् खोटं बोलाया कुणी लावलं ते बी लिही."

टिपण इंग्रजीत आहे, पानभरही नाही. नियतकालिकाला पाठवायच्या आधी मी ते मामीला फोनवर मराठीत वाचून दाखवलं, आणि सरांना पोस्टानं पाठवलं. मामी म्हणाली, "बराबर हाय." सरांचं उत्तर आलेलं नाही. मामांच्या पूर्ण नावानंतर त्यात शेवटचं वाक्य असं आहे: त्यांना खरे ठाऊक होते आणि ते सांगायचे होते, मी सांगू दिले नाही.